देवाने घडवले म्हणजे नेमके काय केले?

मांजराकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात राहते. माझे सासरे तीन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही जवळजवळ गेली. त्यांचे सगळे अंथरुणातच करावे लागते आणि ते मीच करते. यंदा चैत्र वद्य त्रयोदशीला, गोरोबाकाकांच्या पुण्यतिथीला, जाऊबाईंनी एक दिवस घर सांभाळले म्हणून मला तेरला जाता आले. समाधीचे दर्शन घेतले आणि संध्याकाळी कीर्तन ऐकले. महाराजांनी सांगितले की कुंभार जसा मडके घडवतो तसा देव माणसाला घडवतो, आणि आपण या जगात आहोत हे त्या माणसाच्या वागण्यातून इतरांना दिसावे, एवढ्यासाठीच घडवतो. मडके स्वतःसाठी पाणी साठवत नाही, असेही ते म्हणाले. मांडवात पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले.

घरी परतल्यावर शेजारच्या मावशी भेटल्या. कीर्तनाचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या रूपाने देवच या घरात राबतो आहे, तुला आणखी कुठे जायची गरजच काय?" त्यांचा हेतू चांगलाच होता, परंतु त्याच रात्री जे घडले त्यामुळे ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखे रुतून बसले आहे. मी सासऱ्यांना पेज भरवत होते. तिसऱ्या चमच्याला त्यांनी तोंड फिरवले आणि पेज नुकत्याच बदललेल्या चादरीवर सांडली. मी वाटी खाली ठेवली नाही, आपटली. आवाज एवढा झाला की पलीकडच्या खोलीत अभ्यास करणारा मुलगा उठून दारात आला. सासरे माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी डाव्या हाताने सांडलेली पेज स्वतःच पुसायला सुरुवात केली.

माझे प्रश्न असे आहेत. देवाने घडवले असे म्हणताना ते घडवणे जन्माच्या वेळीच पूर्ण झालेले असते की अजून चालू असते? ज्या माणसाच्या हातून अशी वाटी आपटली जाते त्याच्यातून देवाचे अस्तित्व दिसते असे म्हणणे खोटेपणाचे नाही का? आणि खरे सांगायचे तर, मी हे सगळे भक्तीने करत नाही. दुसरे कोणी करणारे नाही म्हणून करते. अशा नाइलाजाने केलेल्या कामालाही घडणे म्हणता येते का? कृपया केवळ धीर देण्यासाठी उत्तर देऊ नये. धीर देणारी माणसे गावात पुष्कळ आहेत.

नर्सीकर मास्तर

ताई, आपण तेरला जाऊन आलात म्हणून तिथलीच कथा घेतो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे आणि ती कथा आमच्या नर्सीच्या माणसावर बेतलेली आहे. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातले थापटणे पाहून मुक्ताबाईंनी विचारले की हे कशाचे आहे. काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मुक्ताबाई म्हणाल्या, मग आमचीही परीक्षा करा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले, सगळे शांत बसून राहिले आणि नामदेव तेवढे चिडले. "हे मडके कच्चे आहे," असा निकाल लागला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, परंतु ती सांगताना एका बाबीकडे दुर्लक्ष होते. कच्चे ठरलेले नामदेव हे त्या मंडळींत विठ्ठलाचे सर्वांत लाडके होते. लहानपणी त्यांच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला, देव त्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती होती. देवाच्या इतक्या जवळ असलेला माणूस अजून घडायचा राहिला होता. तेव्हा घडवणे जन्मावेळी पूर्ण होत नाही, आणि भक्तीने ते आपोआप पूर्ण होते असेही नाही.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नामदेव रागारागाने पंढरपूरला गेले आणि त्यांनी देवाकडे तक्रार केली. देवाने त्यांची समजूत काढली नाही. काकांचे म्हणणे बरोबर आहे असे सांगून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. म्हणजे घडवण्याचे काम देवाने स्वतःच्या हाताने केले नाही, दुसऱ्या माणसाच्या हाती सोपवले. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा शिवलिंगावर पाय टाकून झोपलेले दिसले (काही जण हा प्रसंग बार्शीचा मानतात, आम्ही हिंगोली जिल्ह्याचे लोक अर्थातच औंढ्याचा मानतो). नामदेव संतापले तेव्हा विसोबा म्हणाले, माझ्यात बळ नाही, जिथे देव नाही तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिथे नेत तिथे पिंड उभी राही.

या कथेत नामदेव पूर्वीपेक्षा गोड स्वभावाचे झाले असे कोठेही म्हटलेले नाही, हे आपण लक्षात घ्यावे. बदलले ते त्यांचे पाहणे. आधी देव पंढरीत होता, नंतर पाय ठेवायला रिकामी जागा उरली नाही. ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात "जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत" असे जे सांगितले आहे ते हेच. आपल्या प्रश्नात मला जी अडचण दिसते ती अशी की आपण स्वतःकडे पाहून, माझ्यातून देव दिसतो का, असे विचारत आहात. मावशींनी आपल्याला तसे पाहायला लावले. परंतु त्या रात्री त्या खोलीत दोन माणसे होती आणि सांडलेली पेज चालत्या हाताने पुसणारा माणूस अंथरुणावर होता. आपणच तो तपशील लिहिला आहे, म्हणजे आपण तो पाहिला आहे.

नाइलाजाविषयीही थोडेसे सांगतो. नामदेव विसोबांकडे हौसेने गेले नव्हते, अपमान गिळून गेले होते. त्या कच्च्या मडक्याची 61 पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये ज्या नांदेडात ग्रंथालाच गुरुपद दिले, ते आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात. मी निवृत्त झाल्यावर तिथे एकदा पहाटे बसलो होतो. गुरुमुखी मला येत नाही, पण मधेच "नामा" हा शब्द कानावर पडला आणि मी दचकलो.

माळवद

मास्तरांचे लिहिणे सुंदर आहे, म्हणूनच मला मध्ये बोलावे लागत आहे. मी औसा तालुक्यातला. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यांत माझी आजी आणि धाकटी बहीण होती. आमच्याकडची घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची असत. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पिढ्यान् पिढ्या माळवदावर मातीचा थर चढवत जायचे. तो भार आणि त्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. मी पुढे बांधकामाच्या धंद्यात पडलो तो याच कारणाने. तेव्हा कशाने काय कोसळले ते मी नीट समजून घेतले आहे आणि त्यात देवाचा हात शोधण्याची मला गरज वाटलेली नाही.

नंतर वर्षभर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तिथे येणारे पाहुणे, प्रवचनकार आणि काही पुढारीसुद्धा म्हणत की देवाने तुम्हाला वाचवले, त्याला तुमच्याकडून काहीतरी घडवायचे आहे. माझी आई हे ऐकून उठून जायची. वाचलेल्यांना घडवायचे होते, तर जे गेले त्यांचे काय करायचे होते? कुंभाराची उपमा देणाऱ्यांनी गोरोबाकाकांची दुसरी कथाही सांगावी. नामस्मरणात तल्लीन होऊन काका चिखल तुडवत होते आणि त्यांचे स्वतःचे रांगते मूल त्या चिखलात त्यांच्याच पायांखाली आले. संप्रदाय पुढे ते मूल विठ्ठलाने परत दिल्याचे सांगतो. आमच्या गावात कोणाचे मूल परत आले नाही.

मी नास्तिक नाही. पंढरीची वारी करतो. परंतु एक पथ्य पाळतो आणि ते ताईंनाही सुचवतो. आपल्यावर आलेला घाव ही देवाची थाप होती असे एखादा स्वतःविषयी म्हणत असेल तर ऐकून घ्यावे, तो त्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या घावाविषयी तसे कोणी बोलू नये. ताईंच्या सासऱ्यांचा अर्धांगवायू हा ताईंना घडवण्यासाठी देवाने आणला असे जर कोणी म्हणाले, तर तो माणूस सासऱ्यांना माती समजतो आहे. आपण हे वाक्य कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.

नर्सीकर मास्तर

माळवद यांचे म्हणणे मला मान्य आहे. माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघत असेल तर तो माझा दोष समजावा.

जुना जालना

मी ख्रिस्ती आहे. आमचे पूर्वज जालन्याजवळच्या बेथेलचे, जे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवले. बेथेल या इब्री नावाचा अर्थच देवाचे घर असा आहे. कुंभाराची उपमा आमच्याही शास्त्रात आहे आणि ती उपदेशांत फार सैलपणे वापरली जाते, म्हणून मूळ उतारे काय म्हणतात ते सांगतो. माळवद यांच्या आक्षेपाला त्यातून पूर्ण उत्तर मिळते असा माझा दावा नाही.

यिर्मया संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात देव त्याला सांगतो की कुंभाराच्या घरी जा, तिथे मी तुझ्याशी बोलेन. यिर्मया जातो. कुंभार चाकावर काम करत असतो आणि त्याच्या हातातले भांडे बिघडते. कुंभार ती माती फेकत नाही, तिचाच पुन्हा गोळा करून त्याला योग्य वाटेल तसे दुसरे भांडे घडवतो. ताईंच्या पहिल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, कारण येथे बिघडणे हे घडवण्याच्या मधलेच एक पाऊल आहे. परंतु लगेच पुढच्या, एकोणिसाव्या अध्यायात देव यिर्मयाला मातीची सुरई विकत घ्यायला लावतो आणि वडीलधाऱ्यांच्या देखत ती फोडायला लावतो. ही आता पुन्हा सांधता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. दोन्ही अध्यायांत माती एकच, फरक एवढाच की पहिली ओली होती आणि दुसरी भाजलेली. लोक पक्के होण्याला फार मान देतात, पण या दोन अध्यायांत आशा आहे ती ओल्या मातीला. वाटी आपटल्यावर ज्याला झोप येत नाही तो माणूस अजून ओला आहे असे मी म्हणेन.

आता उपदेशक सहसा जे गाळतात ते. त्या अध्यायात गोळा म्हणजे एकटा माणूस नाही. देव म्हणतो, हे इस्राएलाच्या घराण्या, जशी कुंभाराच्या हातातली माती तसे तुम्ही माझ्या हातात आहात. पूर्ण घराणे, पूर्ण प्रजा चाकावर आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही देवाच्या प्रतिरूपाची निर्मिती "नर व नारी" अशी दोघांची सांगितली आहे. तेव्हा ताई, क्षमा असावी, मी थोडा घरगुती प्रश्न विचारतो. आपण जाऊबाईंचा उल्लेख केला, म्हणजे दीर आहेत. आपले यजमानही असतील. सासऱ्यांच्या सेवेतून देवाचे अस्तित्व दिसायचे असेल तर ते त्या घरात दिसायला हवे, आणि सध्या चाकावर एकट्या सूनबाईंना बसवलेले दिसते. मावशींचे कौतुक ऐकायला गोड आहे, परंतु "तुझ्यात देव आहे" असे एकीला म्हटले की बाकीच्यांना रात्री उठावे लागत नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या सातव्या ओवीत, आमची ही संपत्ती मातीच्या भांड्यांत आहे असे म्हटले आहे, आणि कारणही दिले आहे: सामर्थ्य आमचे नसून देवाचे आहे हे कळावे. भांडे सोन्याचे असते तर लोकांनी भांड्याकडेच पाहिले असते. खोटेपणाची ताईंना जी भीती वाटते तिच्यावर मला हे वचन उपयोगी पडले आहे. माझी आई सोळा महिने अंथरुणावर होती. त्या काळात मी तिच्यावर किती वेळा ओरडलो ते माझ्या बायकोला माहीत आहे आणि ती हे वाचते.

रिद्धपूरवासी

चर्चेत सर्वांनी घडवणे हा शब्द गृहीत धरला आहे म्हणून एवढेच नोंदवतो. आम्हा महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि स्वतंत्र आहेत. जीव कोणी मातीतून घडवलेला नाही. परमेश्वर स्वतः अवतार घेऊन जीवाला ज्ञान देतो. जीवाने परमेश्वराचे दर्शन घडवायचे नसते, घ्यायचे असते. या भूमिकेतून पाहिले तर ताईंवर देव दाखवण्याचे ओझे मुळात नाहीच. मला तरी हे अधिक सुटसुटीत वाटते. नाव रिद्धपूरचे घेतले असले तरी राहतो पैठणला, हे जाता जाता सांगतो, नाहीतर मराठवाड्याबाहेरचा म्हणून हाकलाल.

गोदेचा घाट

रिद्धपूरवासींच्याच गावची मी. पैठणच्या माणसाने रांजण आठवून दिला नाही याचे आश्चर्य वाटले. एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या नावाने गडी म्हणून राहिला आणि बारा वर्षे गोदावरीची कावड आणून रांजण भरत राहिला, अशी कथा आहे. द्वारकेहून एक ब्राह्मण देवाचा शोध घेत आला तेव्हा घरात कोण होते ते कळले, आणि तोवर श्रीखंड्या निघून गेला होता. नाथांसारख्या अधिकारी पुरुषाला, रामेश्वराला न्यायची गंगा वाटेत तहानेल्या गाढवाला पाजणाऱ्या माणसाला, स्वतःच्या ओसरीवरचा देव बारा वर्षे ओळखू आला नाही. मला या कथेतले हे न कळणे फार आवडते. अस्तित्व होते, काम होत होते, रांजण रोज भरत होता, आणि कोणाला काही दिसत नव्हते. तेव्हा दिसण्याची एवढी घाई कशाला करावी?

नाथषष्ठीच्या सुमारास तो रांजण आजही भरतात. लहानपणी मी आत्याबरोबर घागर घेऊन जात असे. ज्याच्या घागरीने रांजण ओसंडतो त्याच्या रूपाने देव आला असे मानतात आणि त्याचा मान करतात. गंमत अशी की त्याच्या आधी शेकडो घागरी ओतलेल्या असतात. आमची घागर कधीच शेवटची ठरली नाही. आत्या दर वर्षी म्हणायची की आपली मधलीच बरी, फोटो काढायला उभे राहावे लागत नाही.

आव्यावरचा

आमचा धंदा पिढीजात कुंभारकामाचा, गाव तेरपासून फार लांब नाही. बारावीनंतर नोकरी मिळाली नाही म्हणून चाकावर बसलो. आपण सर्वांनी माझ्या धंद्याची उपमा इतकी वापरली आहे की तिच्यातल्या दोन चुका दुरुस्त करणे मला भाग आहे.

पहिली थापटण्याची. चाकावरून दोऱ्याने कापून उतरवलेले मडके पूर्ण झालेले नसते. त्याचा काठ आणि गळा तेवढा तयार असतो, बूड जाड आणि ओबडधोबड असते. ते सावलीत ठेवून निम्मे सुकवायचे, बोट दाबले तर ठसा उमटेल पण माती बोटाला लागणार नाही इतके. मग मांडीवर घेऊन आतल्या बाजूने एका हाताने गुळगुळीत दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून दुसऱ्या हाताने लाकडी थापटणे मारायचे. आत गोळा जिथे असेल तिथेच बाहेरची थाप पडली पाहिजे. बोटभर चुकली तर भिंत आत बसते. मारता मारता भिंत पातळ होते, पोट फुगते, बूड आकाराला येते. एका मोठ्या डेऱ्याला मला शेकडो थापा लागतात. हे सगळे आव्यात घालण्याच्या आधीचे काम आहे. भाजलेल्या मडक्याला थापटणे कोणी लावत नाही, ते फुटेल. पक्के मडके बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. चांगले असेल तर खणखणते, तडा असेल तर बद्द वाजते. आता गोरोबाकाका कुंभार होते, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होते. त्यांनी पेराने न वाजवता थापटणे उचलले याचा अर्थ, त्यांच्या लेखी समोर बसलेली सगळीच मंडळी अजून आव्याबाहेर होती आणि ते परीक्षेच्या नावाखाली घडवण्याचेच काम करत होते, असे मी माझ्यापुरते समजतो. कीर्तनकारांना हे पटणार नाही. मी एकाला सांगून पाहिले, ते हसले आणि चहा मागवला.

मात्र माळवद यांनी लिहिले तेही या कामात खरे आहे. आत गोळा नसताना बाहेरून बसलेल्या थापेने मडके घडत नाही, मोडते. सगळ्या माराला घडवणे म्हणणारा माणूस कधी चाकावर बसलेला नसतो.

दुसरी दुरुस्ती पक्केपणाची. लोकांना वाटते की पक्के मडके म्हणजे ज्यातून थेंबही बाहेर येत नाही. आपल्याकडची निव्वळ काळी माती मडक्याला चालत नाही, ती पाण्याने फुगते आणि वाळताना तडकते. म्हणून तळ्याच्या गाळात वाळू, राख आणि घोड्याची लीद चाळून मिसळावी लागते. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. ज्या माठाला बाहेरून तैलरंग फासलेला असतो तो पाझरत नाही आणि त्यातले पाणी वैशाखात कोमटच राहते. दर उन्हाळ्यात चार-दोन गिऱ्हाइके नवा माठ परत घेऊन येतात की हा गळतो. मी त्यांना सांगतो की गळणे वेगळे आणि पाझरणे वेगळे. गळका माठ सकाळपर्यंत रिकामा होतो. पाझरणाऱ्या माठाखाली ओल दिसते, पण सकाळी घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढे पाणी त्यात असते. ताई, आपण तीन वर्षे काढली आहेत. वाटी आपटल्याची ओल कोणती ते आपणच पाहा.

मांजराकाठची

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण जालन्याच्या दादांचे लिहिणे मी यजमानांना वाचून दाखवले आणि त्यावरून घरात बरेच बोलणे झाले. मंगळवार आणि शुक्रवारच्या रात्री आता दीर सासऱ्यांजवळ झोपतात. पहिल्या शुक्रवारी ते विसरले, पण मंगळवारी आले. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले. सासऱ्यांना त्यांच्या हातची सवय नाही, त्यामुळे ते सकाळी माझ्याकडे जरा रागाने पाहत होते, आणि मला त्या रागाचे बरे वाटले. माळवद यांचे पथ्य मी वहीत लिहून ठेवले आहे. पैठणच्या ताईंच्या आत्याचे वाक्य मावशींना सांगितले; त्या म्हणाल्या, हे तर मीही म्हणते, आणि तरी पुन्हा मला देवच म्हणाल्या.

मी पक्की आहे की कच्ची, याचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. आव्यावरच्या दादांना मात्र एक विचारायचे होते. आमचा माठ तिसऱ्या उन्हाळ्यातला आहे, बोअरच्या पाण्याने बाहेरून पांढरा पडला आहे आणि पाणी पूर्वीसारखे गार होत नाही. सासऱ्यांना गार पाणीच लागते. तो घासून चालेल की नवा घ्यावा?

आव्यावरचा

क्षारांनी छिद्रे बुजली आहेत. रिकामा करून एक दिवस उन्हात ठेवा आणि बाहेरून काथ्याने, नुसत्या पाण्याने घासा. साबण लावू नका, माती साबण पिते आणि महिनाभर पाण्याला वास येतो. तरी ओल धरेना तर नवा घ्या आणि घेताना पेराने वाजवून घ्या. जुना टाकू नका, बुडाला भोक पाडून तुळशीला चालेल.